चौथ्या मुद्द्याचे गुण

माझ्या सासूबाई चोपन्नाव्या वर्षी मानसशास्त्राची परीक्षा देत होत्या आणि माझा नवरा त्यांचा मास्तर झाला होता. अशा वेळी घरातल्या तिसऱ्या माणसाने आपला लॅपटॉप उचलून बाल्कनीत जावं हे उत्तम. मी तेच करायचे. पण आमच्या हेब्बाळच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला सरकतं दार आहे आणि ते कधीच पूर्ण लागत नाही. त्यामुळे जेवणाच्या टेबलावरची शिकवणी मला शब्दन् शब्द ऐकू यायची, आणि ऐकू येतंय म्हटल्यावर मीही कान देऊन ऐकायचे.

सासूबाईंचं नाव अहल्या. निपाणीच्या घरातल्या थोरल्या सूनबाई. माझे सासरे गेल्यावर घर धाकट्या दिरांवर सोपवून त्या आमच्याकडे बेंगळुरूला आल्या आणि महिन्याभरात कंटाळल्या. कंटाळलेली सासू घरात असली की सुनेचे डबे रोज नव्याने लावले जातात, एवढंच सांगते. मग त्या जवळच्या एका शाळेत समुपदेशक बाईंच्या हाताखाली जायला लागल्या, बिनपगारी. तिथे असं दिसलं की जी पोरं कुणाशीच बोलत नाहीत ती यांच्याजवळ येऊन बसतात आणि स्वल्प वेळाने बोलायला लागतात. मुख्याध्यापिकांनी सांगितलं की जूनपासून नोकरीवर घेऊ, फक्त समुपदेशनाची पदविका हातात हवी.

पदविकेचे बाकीचे पेपर सुटले होते. मानसशास्त्राचा राहिला होता. त्यात त्या एकदा नापास झाल्या होत्या आणि नावनोंदणीची मुदत या वर्षी संपत होती, म्हणजे ही शेवटची खेप. नोकरी हवी आहे असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. पण शाळेत नेसायला म्हणून चिकपेटच्या बाजारातून दोन सुती साड्या आणल्या होत्या आणि त्यांना हात लावू देत नव्हत्या.

नापास झाल्या त्या मोठ्या उत्तरांमध्ये. पर्याय निवडायचे प्रश्न त्यांना यायचे. पण 'अमुक संकल्पना तुमच्या पाहण्यातल्या उदाहरणाने स्पष्ट करा' असा प्रश्न आला की बाईंची गाडी निपाणीला सुटायची. प्रश्न स्मरणशक्तीचा आणि उत्तरात तंबाखूच्या वखारीतला एक मुनीम, त्याची बायको, बायकोचं माहेर. संकल्पना कुठेतरी त्या माहेरच्या वाटेवर हरवलेली. वर सगळं इंग्रजीत लिहायचं, आणि त्यांचा विचार मात्र मराठीत चालायचा.

मल्हारने सूत्रं हाती घेतली. तो एका कंपनीत आकडेवारीचं काम करतो आणि त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीचा तक्ता करता येतो. आमच्या हनिमूनचाही केला होता. परीक्षक उत्तर वाचत नाही, मुद्दे शोधतो, हा त्याचा सिद्धांत. आधी संकल्पनेचा अर्थ, त्याच शब्दांत नव्हे, तर दुसऱ्या शब्दांत. मग उदाहरणातल्या माणसाला तो अर्थ लावून दाखवायचा. प्रस्तावना नको, समारोप नको, मुनिमाची बायको तर मुळीच नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मनात आहे पण कागदावर नाही, त्याला गुण नाहीत.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला राग येतो, पण तो माझा प्रश्न आहे.

अडचण एकाच उत्तराशी होती. निरीक्षणातून शिकणं, म्हणजे दुसऱ्याचं बघून माणूस वागणं कसं उचलतो ते. दरवर्षी हमखास येणारा दहा गुणांचा प्रश्न. व्याख्येला दोन आणि मग चार मुद्दे, प्रत्येकी दोन: आधी लक्ष जातं, मग लक्षात राहतं, मग स्वतः करून बघितलं जातं, आणि शेवटी ते करत राहण्याचं काही कारण असावं लागतं. पुस्तकात त्यांची इंग्रजी नावं होती, अटेन्शन, रिटेन्शन, रिप्रॉडक्शन आणि मोटिव्हेशन. यातलं तिसरं नाव सासूबाई मुलासमोर उच्चारत नसत. "ते तिसरं," म्हणायच्या आणि पुढे सरकायच्या.

या प्रश्नाला त्यांनी स्वतःच्या घरचंच उदाहरण निवडलं होतं. मल्हार त्यांना 'वहिनी' म्हणतो.

यात नवल काही नाही, अशी घरं पुष्कळ असतात. तीन धाकटे दीर दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत होते, गल्लीतले लोक करत होते, मग कडेवरचं पोरगंही तेच म्हणायला लागलं. सासऱ्यांना तो 'अण्णा' म्हणायचा, कारण दीर म्हणायचे. आणि 'आई' म्हणायचा आजीला, कारण सगळं घर तिला आई म्हणायचं. मी पुण्याची. आमच्याकडे सुना सासूला आई म्हणतात, म्हणून मी लग्न झाल्यापासून सासूबाईंना आई म्हणते. सुरुवातीचे कितीतरी दिवस मला वाटत होतं की त्यांना ऐकू कमी येतं. पहिल्या हाकेला काहीच नाही, दुसऱ्या हाकेला दचकून ओ. मी मल्हारला कानाच्या डॉक्टरांबद्दल विचारलंसुद्धा होतं.

मागच्या वर्षी त्यांनी हे उदाहरण गृहपाठात लिहून पाठवलं तेव्हा वहिनीचं इंग्रजी करायचं म्हणून शब्दकोशातून 'सिस्टर-इन-लॉ' घेतलं. मूल सिस्टर-इन-लॉला हाक मारतं, सिस्टर-इन-लॉ त्याला जेवू घालते, सिस्टर-इन-लॉ त्याला झोपवते. तपासणाऱ्याने समासात लाल शाईने विचारलं होतं, की या मुलाची आई कुठे आहे? उत्तराला शून्य.

मल्हारने ते वाचलं आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने पहिली ओळ दुरुस्त केली. हे मूल स्वतःच्या आईला 'वहिनी' म्हणतं, या शब्दाचा खरा अर्थ भावाची बायको. एवढं लिहिल्यावर पुढचं सगळं सरळ झालं. मुलाचं लक्ष काकांकडे जायचं, कारण काका म्हणजे घरातले कर्ते पुरुष, हा पहिला मुद्दा. तो शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडून डोक्यात राहिला, हा दुसरा. आणि जिभेला 'व' जमायला लागल्यावर तो म्हणून बघितला, आधी 'वयनी', मग 'वहिनी', हा 'ते तिसरं'. तिन्ही मुद्द्यांना सासूबाई पुरे गुण मिळवायच्या. मल्हारसारखा कंजूष मास्तरही कापायला काही शोधू शकत नव्हता.

चौथा मुद्दा त्या लिहायच्या नाहीत. एकदा विसरल्या असं म्हणाल्या. एकदा वेळ संपला. एकदा 'मुलाला तो शब्द आवडला' एवढंच लिहिलं, आणि मल्हारने त्यावर भोपळा दिला, कारण आवडला म्हणजे काय, आवडायला काय झालं, त्याला मिळालं काय? त्याने उदाहरण बदलून दिलं. वडील दाढी करतात ते बघून मुलगा गालाला साबण फासतो, सगळे कौतुक करतात, म्हणून रोज फासतो. चारही मुद्दे आयते. सासूबाईंनी ते पाठ केलं आणि कागदावर लिहायला बसल्या की साबणाची दुधावरची साय व्हायची. दुसऱ्याच्या घरचं आपल्याला आठवत नाही, म्हणाल्या.

मल्हारने बाकीच्या प्रश्नांचा अंदाज धरून हिशेब केला तेव्हा सगळं काठावर येत होतं. हे दोन गुण मिळाले तर पेपर सुटत होता, नाहीतर सांगता येत नव्हतं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी तो चिडला. पोहे खाऊन झाले होते, मी बशा उचलायला आत आले होते. त्याच्या हातात सासूबाईंचं ताजं उत्तर होतं, सहा ओळी सुरेख आणि चौथ्या मुद्द्याच्या जागी पेनाची दोन टिंबं. तो म्हणाला, की इतकं सोपं असून तुला का जमत नाही तेच कळत नाही. घरातले हसले असतील, कुणी पापा घेतला असेल, कुणी खाऊ दिला असेल. ते लिही आणि मोकळी हो.

"कुणी हसलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"मग काहीतरी झालंच असेल ना. उगाच कुणी शब्द धरून ठेवत नाही."

"झालं की." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मला चौथं येतंय. लिहायला होत नाही."

मी बशा घेऊन तिथेच उभी राहिले. जायला हवं होतं, पण गेले नाही.

त्या सांगायला लागल्या ते टेबलाकडे बघत, शाळेतल्या पोरांबद्दल सांगतात तशा आवाजात. "तू दोन वर्षांचा होतास. सगळी जेवायला बसली होती, मी वाढत होते. तू माझ्याकडं बघून आई म्हणालास. कुठनं डोक्यात आलं काय की. मी ओ दिली. आईंनीपण दिली. दोघींनी एकदमच."

मल्हारने हातातला कागद टेबलावर ठेवला.

"त्या माझ्याकडं बघून हसल्या आणि ताटावरनं उठल्या. दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत. वाईट नव्हत्या त्या. अख्खं घर त्यांना आई म्हणायचं, तेवढंच होतं त्यांच्याकडं." त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "मग परत तू हाक मारलीस. आई म्हणूनच. मी भाकरी थापत होते. ऐकलं मी. ओ दिली नाही. पदर ओढलास, तरी बघितलं नाही. लई रडलास. मग दमून वहिनी म्हणालास. तेव्हा वळले आणि उचलून घेतलं. असं आठवडाभर चाललं, मग तुझं तूच शिकलास."

खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेताना वाजत होती.

"कशाला ओ मिळते ते पोराला कळलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे चौथं हेच न्हवं? याला दोन गुण मिळतील काय?"

मल्हारने तक्ता बघितला. त्याला बघायची काही गरज नव्हती, तो तक्ता त्यानेच केलेला होता. पण त्याने वरून खाली बोट फिरवलं आणि म्हणाला, "मिळतील."

मग जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला वाटलं होतं की तो उठेल, त्यांच्याजवळ जाईल, निदान पाणी प्यायला आत तरी जाईल. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि कोरा कागद घेतला. दोघं मिळून ते इंग्रजीत करायला बसली. 'ओ देणं' याला इंग्रजीत शब्द सापडेना. उत्तर देणं म्हटलं तर प्रश्नाचं उत्तर वाटतं. शेवटी 'रिस्पॉन्ड' ठरलं. आईने रिस्पॉन्ड केलं नाही. सासूबाईंनी ते लिहिलं, वाचलं, आणि विचारलं की यावरून कळतं का, की तिला ऐकू आलं होतं?

मल्हार म्हणाला, नाही कळत. कामात होती, लक्ष नव्हतं, असंही वाटू शकेल.

"मग?"

"मग मुद्दा कच्चा राहतो. तिने ठरवून ओ दिली नाही, हे लिहायला लागेल. नाहीतर अर्धा गुण जाईल."

"त्याला काय म्हणायचं?"

"डिलिबरेटली," मल्हार म्हणाला, आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. सासूबाईंनी एकेक अक्षर उतरवून घेतलं. दोघांच्याही आवाजात काही नव्हतं. मी बशा बेसिनमध्ये ठेवल्या, नळ मोठा सोडला आणि रडले. मला निपाणीच्या त्या आजीचा राग आला, सासूबाईंचा आला, त्या तक्त्याचा आला, आणि त्यातला एकही राग कुणावर काढता येण्यासारखा नव्हता.

त्यानंतर दोघांनी तो विषय काढला नाही. मल्हार रोज संध्याकाळी दुसरे प्रश्न घ्यायचा, त्या लिहायच्या, तो तपासायचा. 'वहिनी, इथे व्याख्या राहिली.' 'वहिनी, पाणी दे.' मी त्याला एकदा ऑफिसला जाताना विचारलं, की तुला काहीच वाटलं नाही का? तो हेब्बाळच्या पुलावरच्या गर्दीकडे बघत गाडी चालवत होता. म्हणाला की वाटलं, पण त्याचं काय करायचं ते कळत नाही. मग पूल उतरल्यावर म्हणाला, की आजी मला फार आवडायची.

परीक्षेचं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. पेपर सुटायच्या वेळी आम्ही दोघं फाटकाबाहेर उभे होतो, मुलांना न्यायला आलेल्या आईबापांच्या गर्दीत. एका गृहस्थांनी मला विचारलं, तुमची मुलगी का आत? मी म्हटलं, सासू. सासूबाई बाहेर आल्या त्या विशीतल्या तीन मुलींशी कन्नडमध्ये गप्पा मारत, आणि आम्हाला बघून एकदम गंभीर झाल्या.

मल्हारने प्रश्नपत्रिका मागून घेतली. दहा गुणांचा प्रश्न आला होता. सोबत एक शेपूट होतं, की या वागण्यात पुढे बदल होऊ शकतो का, कारणासह लिहा.

"चौथा मुद्दा?" त्याने विचारलं.

"लिहिला."

"तो शब्द?"

"लिहिला की. स्पेलिंग बरोबर आलं बहुतेक."

शेवटच्या भागाला काय लिहिलं ते त्याने विचारलं नाही. मीच रिक्षात विचारलं. त्या म्हणाल्या, बदल होऊ शकतो असं लिहिलं, पुस्तकात तसंच आहे. पण मूल मोठं झालंय आणि आईपण म्हातारी झालीय, त्यामुळे दोघांनाही स्वल्प त्रास होईल, असं पुढे जोडलं. त्याला गुण असतील-नसतील. मल्हार पुढे रिक्षावाल्याशेजारी अंग चोरून बसला होता. त्याला ऐकू गेलं असणार, कारण सिग्नलला इंजिन बंद होतं.

निकाल मे महिन्यात एका सकाळी लागला. मल्हारने फोनवर बघितला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. चाळीसला पास, यांना पंचेचाळीस. मी ओरडणार होते, पण त्याने हाताने थांबवलं. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, पाठमोऱ्या, परातीत कणीक मळत. त्या दिवशी निकाल आहे हे त्यांना माहीत होतं आणि पहाटेपासून त्या आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हत्या.

मल्हार दाराशी जाऊन उभा राहिला. एकदा घसा खाकरला. मला वाटलं की आता नेहमीसारखं वहिनी म्हणेल आणि सांगून टाकेल.

"आई," तो म्हणाला.

मोठ्याने नाही, पण घरात मिक्सर चालू नव्हता, काहीच चालू नव्हतं. परातीतला हात थांबला. त्या वळल्या नाहीत. पाठ तशीच, मान तशीच, मनगटापर्यंत कणीक. आत्ता या क्षणी हा माणूस वहिनी म्हणेल आणि सगळं पहिल्यासारखं होईल, अशी मला भीती वाटली, आणि खरं सांगते, मी मनातल्या मनात त्याच्या तोंडावर हात ठेवला.

तो काही म्हणाला नाही. पुन्हा हाकही मारली नाही. नुसता थांबला. त्याला कधी कशासाठी इतकं थांबता येतं हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं.

सासूबाईंनी ओ दिली नाही. खूप वेळाने, पाठमोऱ्याच, त्या म्हणाल्या, "झाले काय पास?"

"झालीस."

मग त्या वळल्या.